मामलेदाराची राखण

घरी आले तर पॅसेजमध्ये सुतळी तेवढी शिल्लक. एक टोक चपलांच्या स्टँडला बांधलेलं, दुसरं टोक मोकळं. कोंबडा गायब.

मी हातातल्या पिशव्या तिथंच आपटल्या. सकाळपासून पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटून खांदे भरून आलेले, आणि घरी येऊन बघते तर हा प्रकार! "अहो, कोंबडा कुठंय?" मी दारातूनच ओरडले.

आमचे हे, चंद्रप्रकाश, टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता. "ती प्राण्यांची गाडी आली होती, मुलुंडच्या शेल्टरची," ते म्हणाले. "घेऊन गेले."

"घेऊन गेले? आणि तुम्ही काय करत होता? टाळ्या वाजवत होता?"

"दोन पोरं होती गं. म्हणाली, पायाला दोरी बांधून ठेवणं क्रूरता आहे. कोणीतरी तक्रार केली म्हणे."

कोणीतरी म्हणे! ते कोणीतरी कोण, हे मला ज्योतिषाला विचारायची गरज नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर ती जान्हवी राहते. अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसात कामाला आहे, एकटीच असते. दूध पीत नाही, दही खात नाही, मधसुद्धा चालत नाही तिला. बिल्डिंगखालच्या कुत्र्यांना भात घालते आणि त्यावरून सेक्रेटरीशी भांडते. मागेच मला म्हणाली होती, "काकी, त्याच्या पायाची दोरी जरा सैल करा ना, लागत असेल त्याला." मी म्हटलं होतं, "तुझं लग्न झालं की नवऱ्याला सैल सोड, माझ्या कोंबड्याचं मी बघते." तोच राग धरून बसली असणार मेली.

आता तुम्ही म्हणाल, एका कोंबड्यासाठी ही बाई एवढी का पेटली? म्हणून आधी कोंबड्याचं सांगते.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि ह्यांच्या छातीत कळ आली. घाटकोपरला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाला, बायपास करायला लागेल, आत्ताच काही सांगता येत नाही. आमचा मुलगा देवेश खाली औषधांच्या मागे धावत होता आणि मी वर कॉरिडॉरमध्ये एकटी. काय करावं सुचेना. तशीच गावाला धाकट्या दिराला, राजाराम भावजींना फोन लावला. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता राखणदारापुढे उभे राहा आणि गाऱ्हाणं घाला."

आमच्या गावाला प्रत्येक घराचा एक राखणदार असतो. आमचा परसात फणसाखाली आहे. मूर्ती वगैरे काही नाही, एक पाषाण. घरादाराची, माणसांची राखण तो करतो आणि वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, त्याला कोंबडा द्यायचा. त्यालाही राखणच म्हणतात. आणि काही मागायचं असलं की गाऱ्हाणं घालायचं. घरातल्या पुरुषानं खणखणीत आवाजात देवाला सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

भावजींनी फोन स्पीकरवर ठेवला आणि सुरू केलं. "बा राखणदारा म्हाराजा, माझ्या भावाक ह्या दुखण्यातसून सोडव, तुका एक कोंबो जास्तीचो देतलंव!"

मला ते एवढंसं वाटलं हो. कोंबडा काय, कोणीही देतं. पोराच्या परीक्षेला देतात, म्हैस व्याली तरी देतात. माझा नवरा आत टेबलावर पडलेला आणि त्याच्या जिवाला बाजारातला कोंबडा? मी तिथंच कॉरिडॉरमध्ये ओरडले, "नुसतो कोंबो नाय! माझ्या हातान वाढवलेलो कोंबो!" आणि वर इतक्या जोरात "व्हय म्हाराजा" केलं की नर्स धावत आली.

ह्यांना जीवदान मिळालं. आणि माझ्या जास्तीच्या शहाणपणामुळे माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. साधा कोंबडा बोलले असते तर गावात कोणाकडूनही घेतला असता. पण हातानं वाढवलेला म्हटल्यावर मी, विक्रोळीत, सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत कोंबडा वाढवणार होते!

शिमग्याला भावजी आले ते बुटांच्या खोक्यातून पिल्लू घेऊन. मी घरात सगळ्यांना बजावलं, ह्याला नाव ठेवायचं नाही. ज्याला कापायचं त्याला नाव कशाला? तर ह्यांनी आठवड्याच्या आत त्याला मामलेदार म्हणायला सुरुवात केली. का, तर मान मागे टाकून जमिनीची मोजणी केल्यासारखा पॅसेजभर फिरतो. मी मात्र 'तो कोंबडा' यापलीकडे कधी गेले नाही. दाणे मीच घालायचे, घाण मीच काढायची, पहाटे आरवला की शेजाऱ्यांची बोलणी मीच खायची. कौतुक करायला हे. चहात टोस्ट बुडवून अर्धा स्वतः खायचे, अर्धा त्याला. पेपर उघडून त्याला बातम्या वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, "अहो, राखणीचा आहे तो." हे म्हणायचे, "मला माहीत नाही का?" आणि पुढची बातमी वाचायचे.

पुढच्या आठवड्यात राखण होती. गावच्या गाडीची तिकिटं काढलेली. आणि आता कोंबडा मुलुंडला. दुसरा घेऊन चालणार नाही, कारण तो माझ्या हातचा नाही. बोललेलं दिलं नाही तर राखणदार काय करेल, ते मी तोंडाने उच्चारणारसुद्धा नाही. मला एवढंच कळत होतं की कोंबडा परत आला पाहिजे, नाहीतर माझ्या नवऱ्याचं काही खरं नाही.

मी तशीच वर गेले आणि जान्हवीची बेल दाबून धरली. रविवार होता, घरीच होती.

"काय गं ए, दुसऱ्याच्या घरातली जनावरं उचलून न्यायला लाज नाही वाटली?"

"काकी, काय झालं?"

"सोंग करू नकोस. कोंबडा नेला माझा. तूच तक्रार केलीस."

"शप्पथ नाही! मी तुम्हाला तोंडावर बोलले होते दोरीचं. तक्रार करायची असती तर तेव्हाच नसती केली?" मग म्हणाली, "मुलुंडचं शेल्टर ना? मी ओळखते त्यांना. चला, मी येते तुमच्याबरोबर."

माझा विश्वास बसला नाही, पण मला पत्ता हवा होता. रिक्षात बसलो. हायवेला लागलो आणि मला राहवेना.

"मला एक सांग. आपल्या बिल्डिंगखाली ते ब्रॉयलरचं दुकान आहे. एकेका पिंजऱ्यात एवढ्या कोंबड्या कोंबतो की त्यांना मान वळवायला जागा नसते. सकाळी स्कूटरवर पाय बांधून उलट्या टांगून आणतो. त्याची तक्रार कोणी करत नाही. आणि माझा कोंबडा टोस्ट खात पेपर ऐकत बसतो, तर ती क्रूरता?"

"मी केलीये त्याची तक्रार," जान्हवी म्हणाली. "चारदा. कोणी येत नाही. आणि काकी, त्याच्याकडून घेता तुम्हीच ना दर रविवारी?"

फटकळ आहे कार्टी. मी बाहेर बघत बसले. रविवारी वडे आणि कोंबडीचा रस्सा झाला नाही तर मला रविवार झाल्यासारखा वाटत नाही, ते खरंय. पण ते तिनं मला रिक्षात ऐकवायची गरज नव्हती.

शेल्टर मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी. गेटपासूनच कुत्र्यांचा असा गलका की स्वतःचा आवाज ऐकू येईना. फिनेल आणि मुताचा वास. तीन पायांचं एक कुत्रं माझ्या साडीला हुंगून गेलं. टेबलाशी एक जोडपं उभं होतं, चांगले कपडे घातलेलं, आणि त्यांच्याबरोबर एक गुबगुबीत लॅब्रेडोर. बाई सांगत होती, आमचा नवीन फ्लॅट आहे, इंटिरियर केलंय, तो सोफे कुरतडतो. टेबलामागचा मुलगा, मिहिर त्याचं नाव, हात जोडून म्हणत होता, "मॅडम, खरंच जागा नाही. एका पिंजऱ्यात तीन-तीन ठेवलेत. तो इथं जेवणार नाही, आजारी पडेल."

"मग सोडून देऊ का रस्त्यावर?" बाईचा नवरा म्हणाला.

माझं डोकं आधीच तापलेलं. "सोफा सोडा ना रस्त्यावर," मी म्हटलं. "सोफ्याला भूक लागत नाही."

बाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या सोफ्यावर मासे साफ केलेत. पण कुत्र्याला घेऊन गेली तरी. मिहिरनं माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. बिचाऱ्याच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते, आणि फोन वाजायचा थांबत नव्हता.

"कोंबडा हवाय मला," मी म्हटलं. "सकाळी विक्रोळीहून आणलाय तो."

"कोंबडे मागे आहेत काकी. पण ओळखणार कसा? कालच एक टेम्पो उलटला, त्यातलेपण आलेत."

मागच्या अंगणात जाळीचं कुंपण होतं. एका बाजूला गावठी कोंबडे, बरेच होते, आणि लाल तुऱ्याचे, काळ्या-तांबड्या पिसांचे सगळे सारखेच. दुसऱ्या बाजूला टेम्पोतल्या पांढऱ्या ब्रॉयलर. त्या सगळ्या बसलेल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. मिहिरनं दाणे टाकले तशी एक उठली, दोन पावलं टाकली आणि पाय फाकून धपकन खाली बसली. दाणे वीतभर लांब होते. तिनं मान ताणली, चोच पोचेना. परत उठली नाही.

"अपघातात पाय मोडले का?" मी विचारलं.

"नाही काकी. त्या अशाच असतात. दीड महिन्यात एवढं वजन वाढवतात की पायच पेलत नाहीत. ह्यांना कापून खाण्याआधी कोणी चालताना बघत नाही, म्हणून कळत नाही."

मला वैताग आला. ह्या लोकांकडे आलं की काहीतरी बघायला लावतातच. मी वाकून ते दाणे तिच्या चोचीपुढे सरकवले. करणार काय? समोर उपाशी जीव मान ताणत होता.

मग गावठींच्या जाळीपाशी गेले आणि रोजच्यासारखी हाक मारली. "ये, ये, तितितिती..."

सगळेच धावत आले. एकजात सगळे! चोची वासून माझ्यापुढे उभे. जान्हवीला हसू फुटलं. मी परत हाक मारली, परत तीच गर्दी. कोणाचा पाय बघावा म्हटलं तर हे सगळे एकमेकांच्या डोक्यावर. शेवटी नाइलाज झाला. इकडे तिकडे पाहिलं आणि म्हटलं, "मामलेदार!"

कोपऱ्यात एक कोंबडा पाठ करून उभा होता. तो तेवढा हाकेला आला नव्हता. त्यानं मान मागे टाकली, वळून माझ्याकडे एक डोळा लावला आणि रागानं बघत राहिला. आला नाही. एवढा माज दुसऱ्या कोणाला असणार?

"हाच," मी म्हटलं.

मिहिर आत शिरून त्याला घेऊन आला. आणि मग मी त्याचा पाय पाहिला. सुतळी होती तिथं कातडं सोलवटून आत गेलं होतं, लाल झालं होतं, वर औषध लावलेलं. रोज दाणे घालणारी मी, रोज घाण काढणारी मी, आणि मला हे दिसलं नव्हतं. जान्हवीला जिन्यावरून येता-जाता दिसलं होतं. माझ्या हातानं वाढवलेला म्हणे! मला माझीच इतकी चीड आली की सांगता सोय नाही.

"द्या इकडे," मी म्हटलं. "दोरी नाही बांधणार परत."

"काकी, एक विचारू?" मिहिरनं कोंबडा छातीशी धरला होता. "घरी नेऊन काय करणार त्याचं?"

आता खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही. पाण्याच्या वेळेवरून, गच्चीच्या चावीवरून सेक्रेटरीशी मी रोज खोटं बोलते. पण देवाला बोललेल्या कोंबड्याबद्दल खोटं कसं बोलायचं?

"राखणीला द्यायचाय," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात."

"म्हणजे कापणार."

"कापणार नाहीतर काय पूजणार? नवऱ्याच्या जिवासाठी बोललेय मी!"

"मग नाही देता येणार, काकी. सॉरी."

झालं. मी जो आवाज लावला तो मागच्या कुत्र्यांनीसुद्धा गप्प बसून ऐकला. कोणाची चोरी केली नाही, माझा कोंबडा आहे, तुमच्या तक्रारी नि तुमच्या गाड्या, माझ्या नवऱ्याला उद्या काही झालं तर तुम्ही भरून देणार का, आणि ही वरच्या मजल्यावरची साळसूद, आग लावून वर माझ्याबरोबर रिक्षातून येते...

"काकी," मिहिर मध्येच म्हणाला, "तक्रार ताईंची नव्हती. काकांचा फोन होता."

"कोण काका?"

"तुमच्याच घरातले. नाव चंद्रप्रकाश सांगितलं. म्हणाले, बायको कामावर गेली की या आणि घेऊन जा. आणि ती मागायला आली तर देऊ नका." तो जरा ओशाळला. "रडत होते फोनवर. म्हणून लगेच गाडी पाठवली."

तिथं एक सिमेंटचा ओटा होता, त्यावर मी बसले. जान्हवीनं पाण्याची बाटली पुढे केली. मी तिला सकाळपासून दारात आणि आत्ता इथं काय काय बोलले होते ते आठवलं, पण माफी काही मागितली नाही. पाणी प्यायले आणि म्हटलं, "चल घरी."

परत येताना रिक्षात संताप म्हणजे नुसता संताप. जगात कोणी आड आलं असतं तर मी त्याला पुरून उरले असते. पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तोच आड येतो म्हणजे काय?

घरी हे तसेच बसले होते, बंद टीव्हीसमोर.

"फोन तुम्ही केलात?"

"हो."

"मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं!"

"म्हणून नाही सांगितलं."

"अहो, तुमच्या जिवासाठी बोलले होते मी! मला काय हौस आहे कोंबडे पाळायची? दिलेला शब्द मोडला आणि तुम्हाला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" माझा आवाज फाटला. "तुम्हाला काय, तुम्ही सुटाल! मागे मी राहीन!"

हे गावच्या बोलीत बोलायला लागले. एरवी कधी बोलत नाहीत, जिवाला लागलं की बोलतात.

"तू सकाळी जातंस. देवेश तिकडे पनवेलीक. दिवसभर घरात मी आनि तो. टाके दुखायचे, रडाक येय. तुझ्यासमोर कसो रडतलंय? तू आधीच भियालेली. मगे त्येच्यासमोर रडय. तो बापडो खुर्चीच्या हातार येऊन बसा. आता माझ्या नावान त्येचीच मान कापूची? शेवंती, गावची तिकिटां काढली त्या दिसापासून माझ्या घशाखाली घास उतारचो नाय."

मी घाबरलेली आहे हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर घाबरलेलीच होते. हे जरा जास्त वेळ बाथरूममध्ये राहिले तरी मी दार वाजवायचे आणि वर ओरडायचे, पाणी किती वापरता म्हणून. मला वाटायचं ह्यांना माझा फक्त ओरडा ऐकू येतो. ह्यांना सगळं कळत होतं.

"नारळ देऊया," हे म्हणाले. "हल्ली देतात बरेच लोक."

"नारळ! हातानं वाढवलेलं बोललेय मी. नारळ मी वाढवला का?"

तिथंच मला सुचलं. लगेच फोन घेतला आणि गावाला लावला. "राजाराम भावजी, परसात जा. राखणदारापुढे फोन धरा, स्पीकरवर."

"कित्या गो वयनी? काय झाला?"

"गाऱ्हाणं घालायचंय. मी घालणार."

"वयनी, बायका गाऱ्हाणा घालणत नाय!"

"हॉस्पिटलातून बोलले तेव्हा बाईच होते मी. तेव्हा चाललं ना? धरा फोन."

पाचोळ्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला. मग थांबला. मी डोक्यावर पदर घेतला आणि गॅलरीकडे तोंड करून उभी राहिले.

"बा राखणदारा म्हाराजा! मी शेवंती, चंद्रप्रकाशाची बायल. गेल्या वर्साक तुझ्याकडे माझ्या घोवाचो जीव मागलंय. तू दिलंस. माझ्या हातान वाढवलेलो कोंबो तुका देतलंय म्हणान बोललंय. तो कोंबो मी तुका देवचंय नाय, म्हाराजा!"

"अगो वयनी!" भावजी तिकडे किंचाळले.

"गप रवा! म्हाराजा, तो आता ह्येंचो सोबती झालो हा. त्येका मारून ह्येंका कसा बरा वाटतला? म्हणान त्येच्या बदल्यात माझ्या तोंडचो घास देतंय. आजपासून जिती आसंय तवसर मी कोंबडी खावचंय नाय, ह्या घरात शिजवचंय नाय. तुका राग इलो तर माझ्यार काढ. ह्येंका हात लाव नको. चूकभूल पोटात घाल, आनि ह्येंका सांभाळ रे म्हाराजा!"

आता "व्हय म्हाराजा" यायला हवं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. फोनवर नुसती खरखर. भावजींची वाचाच गेली असावी. देवेश इथं नाही, शेजारी कोणाला यातलं कळत नाही. मी तशीच पदर धरून उभी.

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला. हे उठून उभे राहिले होते. एक हात छातीवरच्या टाक्यांवर, दुसरा कपाळाला. आवाज चिरकत होता, पण पुन्हा म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मी तोंडात पदर कोंबला आणि रडले.

फोनमधून भावजी विचारत होते, "वयनी, कौल लावून बघू काय? फुला खंय पडतत ती?"

"काही नको!" मी ओरडले. "मी सांगितलंय, त्यानं ऐकलंय. फोन ठेवा आता!" कौल उलटा आला असता तर परत सगळं पहिल्यापासून, त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुलुंडला जाऊन मामलेदाराला घेऊन आलो. मिहिरनं माझ्याकडून नाही, ह्यांच्याकडून शब्द घेतला. आता त्याला दोरी नाही. पॅसेजभर हागतो, सेक्रेटरी माझ्या नावानं बोंबलतो, आणि मी फडकं घेऊन त्याच्या मागे फिरते. जान्हवीला वाटतं तिच्यामुळे मी सुधारले. परवा जिन्यात म्हणाली, "काकी, आता मासेपण सोडा ना हळूहळू." मी म्हटलं, "बाई, मी देवाशी सौदा केलाय, तुझ्याशी नाही. बांगड्याला हात लावशील तर याद राख." तरी तिच्यासाठी नारळाच्या दुधातली सोलकढी वाटीभर वर पाठवते. माफी मागायला मला अजून जमलेलं नाही.

रविवार तेवढा वाईट जातो. समोरच्या घरात वाटण परतायला घेतात आणि वास थेट माझ्या पोळपाटापर्यंत येतो. तोंडाला पाणी सुटतं, काय खोटं बोलू? मग मी खिडकी लावून घेते, ह्यांच्यावर उगाच डाफरते, आणि हे मुकाट्यानं मामलेदाराला टोस्ट भरवत बसतात.

आणि पहाट. उजाडायच्या आत हा मेला दाराबाहेर आरवतो. झोपेतून दचकून उठते, तोंडात शिवी आलेलीच असते. पण आधी कान देते. पलीकडच्या खाटेवर हे कूस बदलतात, खोकतात. खोकला ऐकू आला की मग मामलेदाराला शिव्या घालायला घेते.